पाण्याला दिलेला होकार

"कसं लागलं गं?" डॉक्टरांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत खारू म्हणाली, "दारावर आपटले." इतकं सहज म्हणाली, की डॉक्टरांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. डाव्या भुवईच्या वर पेल्याच्या बुडाचा अर्धगोल छाप उमटला होता. दारावर आपटलेल्या मुलीला असं लागत नाही. डॉक्टरांना हे कळायला हवं होतं. पण बाहेर बाकांवर माणसं खोकत होती, आणि शेजारी मी उभी होते, इस्त्रीचे कपडे घातलेली, गळ्यात बारीक क्रूस, चेहऱ्यावर काळजी. अशा आईवर कोण संशय घेणार? "धांदरट आहेस," ते खारूला म्हणाले आणि खारू हसली. भूल दिली होती तरी पहिल्या टाक्याला तिने माझं बोट आवळलं. दुसऱ्याला आवळलंच नाही. आठ वर्षांची माझी ही मुलगी. झाड, गज, कपाट, दिसेल त्यावर चढते म्हणून खारूताईची खारू झाली. हिला खोटं बोलता येत नाही. डबा न खाता परत आणला तर "खाल्ला" म्हणताना हिचे कान लाल होतात. आज कान नेहमीसारखे होते. मला राग आला, आणि आधी मला वाटलं की तो डॉक्टरांवर आहे.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "दारावर आपटले असं का सांगितलंस?" ती म्हणाली, "मग काय सांगायचं?" उद्धटपणे नाही, खरंच विचारत होती. मी तिला दुकानात नेऊन रंगीत पेन्सिली घेऊन दिल्या. पैसे देताना माझ्या लक्षात आलं की मी काय करतेय. माझी आई रिबिनी घेऊन द्यायची. माझ्याकडे एक डबाभर रिबिनी होत्या, निळ्या, पिवळ्या, ठिपक्यांच्या, आणि प्रत्येक रिबिनीमागे एक फाटलेला ओठ किंवा सुजलेली बोटं. मी कपाटाचं नाव सांगायचे. शाळेत, दवाखान्यात, मावशीकडे, सगळीकडे कपाट. आमच्या घरातलं कपाट फार मारकुटं होतं. कुणी कधी विचारलं नाही, की एका कपाटाला किती दारं असतात. आणि आता माझ्या पोरीने तेच दार उघडून दाखवलं होतं, मी तिला कपाटाची गोष्ट कधीही सांगितलेली नसताना. तिचा बाप बोटीवर, सहा महिने समुद्रात. त्याने शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. मग हिला शिकवलं कुणी? खारू पेन्सिलींचं खोकं हुंगत चालत होती. पट्टीखालून थोडं रक्त आलं होतं. मला त्या क्षणी कुणाला तरी मारावंसं वाटलं, कुणालाही, समोरून छत्री हलवत येणाऱ्या त्या टकल्या माणसालासुद्धा.

पेला फेकला होता माझ्या वडिलांनी. पप्पांनी. सगळा परिसर त्यांना मास्तर म्हणायचा, कारण ते चर्चमधला गायकवृंद बसवायचे. तीस वर्षं बसवला. डाव्या हाताने ऑर्गनवर सूर धरायचे, उजव्या हाताने ताल दाखवायचे, आणि त्या उजव्या हाताची बोटं हवेत अशी काही उघडायची की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. तोच हात घरी यायचा. भान सुटून मारणारा बाप परवडला. निदान तो दमतो तरी. पप्पा मोजून मारायचे. एक, दोन, तीन, चार, पहिल्या मात्रेवर जोर. चार झाले की थांबायचे, बाह्या सारख्या करायचे आणि जेवायला बसायचे. आईला शेवटी डाव्या कानाने ऐकू येईना. मग चर्चमध्ये ती अशा बाकावर बसायची की उजवा कान गायकवृंदाकडे यावा. लोक म्हणायचे, नवऱ्याचं संगीत ऐकायची किती ती हौस! आई हसायची. ती गेली तेव्हा पप्पांनी तिच्या अंत्यविधीच्या मिस्सेला स्वतः ऑर्गन वाजवला, आणि एकही सूर चुकला नाही. मी मागच्या बाकावर बसून त्यांच्या मानेकडे बघत होते. मानेवर केस नीट कापलेले होते. एखादी जड मेणबत्ती-दाणी उचलून त्या मानेवर घालायला किती पावलं लागतील, हे मी मोजलं होतं. अकरा. मग त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. राहिले फक्त आकडे आणि गाण्यांचे तुकडे. असं होतं म्हणे. शब्द जातात, पण मोजणं मेंदूत दुसरीकडे कुठेतरी असतं, ते उरतं. चर्चच्या सिस्टर चालवतात त्या वृद्धाश्रमात त्यांना ठेवलं. मी दीड वर्षात एकदाही भेटायला गेले नाही. आणि मग एके दिवशी गेले आणि सामानासकट घरी घेऊन आले. त्याला आता चौदा महिने झाले. आज सकाळी दूध कोमट होतं. त्यांना गरम लागतं. खारूने पेला पुढे केला, त्यांनी एक घोट घेतला आणि डाव्या हाताने, जो हात आयुष्यभर फक्त सूर धरायचा त्या हाताने, तो जाड काचेचा पेला दोन फुटांवरून तिच्या तोंडावर मारला.

मी त्यांना घरी का आणलं, हे सांगायचं तर चर्चमागच्या खोलीबद्दल सांगायला हवं. तिथे पूर्वी जुनी गाण्याची पुस्तकं आणि मोडक्या खुर्च्या असायच्या. आता भिंतींना गाद्या लावल्यात, टेबलावर तीन माईक आहेत, आणि तीन वर्षं दर तीन आठवड्यांनी तिथून आमचा पॉडकास्ट निघतो: 'पलीकडची खुर्ची'. मी आणि फादर अलीकडे, पाहुणा पलीकडे. श्रद्धावंतांच्या आयुष्यातले अनुभव वगैरे. फादर साठीचे, गुडघ्याने अधू, प्रश्न विचारताना स्वतःच अर्धं उत्तर देऊन टाकतात. बाकी सगळं माझ्याकडे: माईक लावणं, आवाज बघणं, नंतर कापाकापी. कापाकापीत माझा हात धरणारं कुणी नाही. खोकला, आवंढा, "अं", "म्हणजे", खुर्चीची करकर, सगळं मी अशी काढते की माणूस जन्मतःच सुसंगत बोलत होता असं वाटावं. चार सेकंदांच्या वरची शांतता मी ठेवत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं फोन बंद पडला. पाहुण्यांकडून आम्ही काय शिकलो, याची एक वही फादरनी ठेवली आहे. कबरी खणणारा एक म्हातारा आला होता, तो म्हणाला की खड्ड्याच्या कडा सरळ हव्यात, नाहीतर रडणाऱ्यांना तोल जाईल अशी भीती वाटते. फादरनी लिहिलं: दुःखालाही कडा हव्यात. एक निवृत्त तुरुंगाधिकारी म्हणाला, "मारणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही, असं लोक म्हणतात. साफ चूक. त्याला बरोबर कळतं. वरिष्ठासमोर नाही ना तो मारत." मी त्याच्यासमोर शहाण्यासारखी मान हलवली आणि ते वाक्य भागाच्या सुरुवातीला टाकलं, कारण त्यात जोर होता. त्या वाक्याचा माझ्याशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी आवाज ऐकते. शब्द ऐकायला फादर असतात.

आज दुपारी पन्नासावा भाग करायचा होता. पाहुणा नाही, आम्ही दोघंच बोलणार, एकोणपन्नास जणांनी काय शिकवलं यावर, मधूनमधून जुने तुकडे. खारूला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे सोपवलं, पप्पांना खुर्चीत बसवून दार ओढून घेतलं आणि मी बारालाच खोलीवर गेले. खरं सांगायचं तर घरात थांबायची हिंमत नव्हती. पहिला तुकडा कुठला घ्यायचा याबद्दल वाद नव्हताच. भाग एकतिसावा, पडदे शिवणारी बाई. सर्वांत जास्त ऐकला गेलेला. ही बाई पन्नाशीची, रुंद खांद्यांची, हॉटेलांचे आणि सभागृहांचे जाडजाड पडदे शिवणारी. नवरा तिला वीस वर्षं मारत होता आणि एके संध्याकाळी पिऊन गच्चीवरून पडून मेला, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या भागात ती म्हणते, "वीस वर्षं धरून होते मी. शेवटी त्याला सोडलं." फादर म्हणतात, "सोडलंत. म्हणजे मनातून मोकळं केलंत. क्षमा केलीत." आणि ती म्हणते, "हो." एवढंच. पण तो हो! खोल, दमलेला, मागे लहानसा श्वास. एडिट करताना मी तो वीस वेळा ऐकला असेन, हेडफोन कानांवर दाबून, आणि विसाव्या वेळी रडले. मला वाटलं, हिला जमलं. वीस वर्षं मार खाऊन हिला जमलं, तर मला का नाही? चौथ्या दिवशी मी सिस्टरांकडे गेले. सिस्टर म्हणाल्या, "महिनाभर खाट रिकामी ठेवू का? कधीकधी घरी जमत नाही." मी म्हटलं, "गरज नाही." पुढच्या रविवारी फादरनी प्रवचनात नाव न घेता सांगितलं की आपल्यातल्याच एका मुलीने असं असं केलं. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला आवडलं ते. फार आवडलं.

तुकड्याचा आवाज थोडा बारीक वाटला, म्हणून मी मूळ फाइल उघडली. मूळ फाइल म्हणजे न कापलेली, माईक सुरू केल्यापासूनची. मूळ फाइली मी पुन्हा कधी ऐकत नाही. सुरुवातीला आवाज बघणं असतं. पाहुण्याला सांगायचं, काहीही बोला, आणि बटणं फिरवायची. माझा आवाज आला, उत्साही, मला स्वतःलाच थोबाडीत द्यावीशी वाटावी इतका उत्साही: "काहीही बोला. घराबद्दल बोला." ती म्हणाली, "काय बोलू? आमच्या गच्चीचा कठडा ना, गुडघ्याएवढाच आहे." मी: "छान. थोडं माईकजवळ या." ती: "तो त्यावर बसायचा. मला मारून झालं की वर जाऊन बसायचा. त्या दिवशी तोल गेला. मी मनगट धरलं. दोन्ही हातांनी." मी: "असंच बोलत राहा, आवाज मस्त येतोय." ती: "जाडं कापड दिवसभर ओढते मी. पकड चांगली आहे माझी. वर बघत होता माझ्याकडे. ओढ म्हणत होता, शिव्या देत होता." मी: "फादर, यांचा 'श' जरा फुटतोय, माईक तिरका करा." माईक सरकवल्याचा आवाज. मग फादरचा आवाज, वेगळाच, हळू: "पाणी हवं का तुम्हाला?" आणि ती म्हणाली, "हो."

तोच हो. खोल, दमलेला, मागे लहानसा श्वास. मी तो तीनदा ऐकला. मग पुढे गेले, मुलाखतीतल्या त्या जागेवर. "शेवटी त्याला सोडलं." फादर घाईघाईने, जवळजवळ तिचं वाक्य तोडत: "सोडलंत. म्हणजे मनातून मोकळं केलंत. क्षमा केलीत." त्यानंतर अकरा सेकंद शांतता. अकरा सेकंद फार असतात. त्यात तिच्या बांगड्या टेबलाला घासल्याचा आवाज आहे, फादरच्या खुर्चीचा आहे. मग ती म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं, फादर." हे मी काढलं होतं. मला आता सगळं आठवलं. ते वाक्य पडेल वाटत होतं, भागाचा जीवच जात होता त्याने. मग मी फाइलभर एक बरा होकार शोधला, सुरुवातीला सापडला, आणि उचलून इथे आणून चिकटवला. सांधा इतका बेमालूम बसला की मी स्वतःवर खूश झाले. आणि मग ते मी विसरले. मी चिकटवलेला हो मीच ऐकला आणि त्यावर मीच रडले. त्या होकारात तहान होती. मला ती कृपा वाटली. बाई सांगत होती की मी नवऱ्याचं मनगट सोडलं आणि तो खाली गेला, आणि मी तिला माईकजवळ यायला सांगत होते. मला हसू आलं. गाद्या लावलेल्या खोलीत एकटीचं हसणं कसं लगेच मरून जातं. मग मी हेडफोन काढून भिंतीवर मारले, पण भिंतीला गादी होती, ते नुसतेच खाली पडले. म्हणून उचलून टेबलाच्या कडेवर मारले, एकदा, दोनदा, त्यांची कमान तुटेपर्यंत, आणि तुटल्यावर आणखी एकदा.

"माईक सुरू आहे," फादर दारात उभे राहून म्हणाले. ते कधी आले मला कळलं नाही. आवाज बघायला म्हणून मी खरंच माईक सुरू केला होता, कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. ते लंगडत आले, खुर्चीत बसले, तुटलेले हेडफोन बघितले. "पन्नासाव्या भागाची सुरुवात चांगली झाली," ते म्हणाले. त्यांचा विनोद असा वेळकाळ न बघता येतो. मी म्हटलं, "एकतिसावा भाग. मूळ फाइल ऐकली मी." त्यांनी हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं. रेघ सपाट झाल्याची खात्री केली. मगच माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हणाले.

"पाणी विचारलं तेव्हाच."

"मग मुलाखतीत तिच्या तोंडात क्षमा का कोंबलीत?"

"अगं, माईकपुढे माणूस काहीही बोलून बसतो. गाद्या लावलेली खोली, दोन माणसं मान हलवतायत. तिला वाटलं ही सांगायची जागा आहे. ही सांगायची जागा नव्हे. मला तिला तिथून मागे आणायचं होतं, बस. जे तोंडात आलं ते बोललो."

"आणि नंतर? नंतर तिच्याशी बोललात?"

"पुढचं मला विचारू नकोस," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा बंद झाला की मला जे समजायचं ते समजलं. पापनिवेदनाच्या पेटीत ऐकलेलं धर्मगुरू मेला तरी बाहेर काढत नाही. मग मी त्यांना होकाराचं सांगितलं, कुठून उचलला, कुठे लावला. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं, नंतर तीच तसं म्हणाली असेल आणि मीच विसरलो असेन," ते म्हणाले. "तू इतकं छान केलं होतंस, की मलाही खरं वाटलं."

"मी माझ्या बापाला त्या होकारावर घरी आणलंय, फादर." मी म्हणाले. "पाण्यासाठी म्हटलेल्या होकारावर. आणि तुम्ही प्रवचनात सांगितलंत. आज सकाळी त्यांनी खारूचं कपाळ फोडलं. दोन टाके पडलेत. डोळा एवढ्याने वाचलाय, एवढ्याने!" मी बोटांनी दाखवलं. "डॉक्टरांना म्हणाली, दारावर आपटले."

"असं सांगायला तिला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. कारण मला पप्पा घरी आल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली ती दुपार आठवली. पप्पांनी खारूचं बोट मागे वाकवलं होतं, मोडलं नव्हतं, नुसतं सुजलं होतं. मी तिला मांडीवर घेतलं आणि माईकपुढे लावते तो ऊबदार आवाज लावून म्हणाले, "आजोबा आजारी आहेत. आपण त्यांना क्षमा करतो. आणि ज्याला क्षमा केली, त्याच्याबद्दल बाहेर बोलायचं नसतं." वाक्य मला इतकं आवडलं होतं की एखाद्या भागात वापरावं असं मनात आलं होतं. माझ्या आईने मला गप्प बसवलं ते भीतीपोटी. तिच्याकडे पर्याय नव्हता. मी पोरीला देवाचं नाव घेऊन गप्प बसवलं, हसत, केसांवरून हात फिरवत. दवाखान्यात जो राग आला होता तो कुणावर होता ते आता मला कळलं, आणि कळल्याने तो जराही कमी झाला नाही. फादर काहीतरी बोलत होते. एकोणपन्नास माणसं बोलावली आपण, आणि प्रत्येकाकडून आपल्याला हवं तेच शिकलो, असं काहीतरी. वही काढून फाडून टाकायला हवी, असंही. मग म्हणाले, "पोरगी कुठे आहे आत्ता?"

"खाली. काकूंकडे."

"मग इथे काय करतेयस? घरी जा."

मी निघाले. उन्हं रस्त्यावर आडवी पडली होती, दुकानदार फडकी मारत होते, आणि मी जवळजवळ धावत होते. मनात एकच गोष्ट होती: पप्पांना आज घराबाहेर काढायचं. कसं, कुठे, लोक काय म्हणतील, याचा विचार येत होता आणि धावण्याने मागे पडत होता. क्षमा केली नव्हती मी. चौदा महिने त्यांचं अंग पुसताना, नखं कापताना, मी दात आवळून धरलेले असायचे. एकदा कात्री त्यांच्या अंगठ्यात अंमळ जास्त गेली होती आणि "चुकून" असं मी स्वतःलाच सांगितलं होतं. जिन्यावर काकूंनी दार उघडलं. "खारू आत्ताच गेली घरी. म्हणाली, आजोबांचा चहा राहिलाय. मी म्हटलं थांब, तर किल्ली घेऊन पळाली. गुणाची आहे हो पोर," काकू म्हणाल्या. मी उरलेल्या पायऱ्या कशा चढले माहीत नाही.

दार उघडंच होतं. फरशीवर चहा सांडलेला, कप उलटा. खारू खुर्चीसमोर वाकून उभी होती, कारण पप्पांच्या डाव्या हातात तिची वेणी होती, मुळापाशी धरलेली, आणि ते तिचं डोकं खाली ओढत होते. रागात दिसत नव्हते. चेहरा शांत, जवळजवळ एकाग्र, गायकवृंदापुढे असायचा तसा. "एक," ते म्हणाले, अगदी स्पष्ट, आणि झटका दिला. "दोन." खारू ओरडत नव्हती. पट्टी निघून भुवईवर लोंबत होती, टाक्यांतून रक्त नाकाच्या कडेने ओठांपर्यंत आलं होतं, आणि ती ओठ मिटून, डोळे मिटून, चारची वाट बघत होती. चार झाल्यावर थांबतं हे तिला ठाऊक होतं. म्हणजे हे पहिल्यांदा होत नव्हतं.

मी त्यांच्या तोंडावर चपराक मारली. उघड्या हाताने, खांद्यापासून. वेणी सुटली. मी पुन्हा मारली, त्यांचं डोकं खुर्चीच्या पाठीवर आपटलं, कवळी हलली आणि ओठांतून अर्धी बाहेर आली. तिसऱ्यांदा मूठ होती. मुठीखाली नाकाचं मऊ हाड लागलं ते मला अजून बोटांत जाणवतं. आणि मला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांत इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं, ना मिस्सेत, ना नवऱ्याच्या कुशीत, ना पोर झाली तेव्हा. पप्पा माझ्याकडे बघत होते, नाकातून रक्त हनुवटीवर येत होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा भीती बघितली. ती बघितल्यावर हात चौथ्यांदा आपणहून वर गेला.

"आई," खारू म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती, एका हाताने पट्टी कपाळावर धरून. तिने आधी दाराकडे बघितलं, मग जाऊन ते हळूच लोटून घेतलं, कडी घातली, आणि माझ्याजवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही हं."

हात वर तसाच राहिला. मग मी तो खाली घेतला, कारण त्याचं करायचं काय ते मला कळेना. मी तिला ओढून घेतलं, तिच्या कपाळावर माझ्या ओढणीचा बोळा दाबला, आणि दुसऱ्या हाताने सिस्टरांना फोन लावला. बोटांवर रक्त होतं, फोनचा पडदा नीट ऐकेना, तीनदा लावावा लागला. पलीकडे सिस्टरांचा आवाज आला तेव्हा मी तो ऊबदार सूर शोधला नाही. जो निघाला त्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, मास्तरांची मुलगी बोलतेय. त्यांना आजच इथून न्यायला हवं."

"काय झालं? पुन्हा झटका आला का?"

"नाही. सकाळी त्यांनी माझ्या मुलीला पेला मारला. दोन टाके पडले. आत्ता तिच्या केसांना धरून मारत होते, आधीही मारलंय." मी श्वास घेतला. "आणि मी आत्ता त्यांना मारलं. तोंडावर. तीनदा. नाकातून रक्त येतंय. बहुतेक मोडलंय."

पप्पा घशातून आवाज काढत होते. मग सिस्टरांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, नाक वर करू नका, पुढे वाकवून बसवा, पत्ता सांगा, मी डॉक्टरांना घेऊन स्वतः येते. डॉक्टरांना हे सगळं सांगावं लागेल, चालेल ना? मी म्हटलं, सांगा. पत्ता सांगितला, मजला सांगितला, खारूचं वय सांगितलं. खारू मान वर करून माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडातून जे जे बाहेर पडत होतं ते तिला पटत नव्हतं, मला वेड लागलंय अशी शंका तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. तिचे कान हळूहळू लाल होत गेले. फोन ठेवायच्या आत तिने माझी ओढणी ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे सांगायचं असतं?"